मराठी नाव टाकलं की सापडलंच पाहिजे: सर्च बॉक्स नीट कसा बांधायचा

ठाण्यात आणि नवी मुंबईत मी बरीच वर्षं छोट्या संस्थांच्या वेबसाइट करतोय, वाचनालयं, पतपेढ्या, हाउसिंग सोसायट्या, एखादी शाळा, आणि जवळपास सगळीकडे तीच तक्रार ऐकू येते की मराठीत नाव टाकलं की सापडत नाही. नौपाड्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल बाई मला म्हणाल्या, "अहो, कऱ्हाडे टाकलं तर कधी येतात कधी नाही, म्हणून मी आता इंग्लिशमध्येच शोधते." मला याचं फार वाईट वाटतं. ज्या शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे तिथल्या वाचकाला स्वतःच्या भाषेत पुस्तक शोधता येऊ नये, आणि कारण काय तर आम्ही डेव्हलपर लोकांनी दोन तासांचं काम केलेलं नसतं. ते काम कसं करायचं ते इथे सविस्तर सांगतो. उदाहरणं पीएचपी, मायएसक्यूएल आणि जावास्क्रिप्टची आहेत कारण अशा संस्थांकडे बहुतेक तेच असतं, पण पायथनवाल्यांनाही सगळं तसंच्या तसं लागू पडेल.

मूळ मुद्दा आधीच सांगून टाकतो. माणसाने जे टाइप केलंय ते जसंच्या तसं साठवायचं, त्याला हात लावायचा नाही, आणि शोधण्यासाठी शेजारी एक वेगळा कॉलम ठेवायचा ज्यात त्याच मजकुराचं घासूनपुसून एकसारखं केलेलं रूप असेल. मी त्याला शोधकी म्हणतो. सर्च बॉक्समध्ये आलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढायचा आणि शोधकीशी जुळवायचा. पुढचं सगळं त्या एका फंक्शनबद्दल आहे.

आधी डेटा उघडून बघा

पहिलं काम कोड लिहिणं नाही. एक छोटं फंक्शन लिहा जे कुठलीही स्ट्रिंग घेऊन तिचा एकेक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने त्या अक्षराला किंवा चिन्हाला दिलेला क्रमांक, हेक्समध्ये छापतं, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग स्प्रेड करून प्रत्येकावर कोडपॉइंट-ॲट चालवलं की झालं, एका ओळीचं काम आहे. मग डेटाबेसमधून न सापडणारी नावं त्यातून काढा. डोळ्याला सारखं दिसणारं मशीनला किती वेगळं दिसतं ते एकदा बघितलंत की पुढचं सगळं आपोआप पटेल.

कऱ्हाडेच घ्या. हे नाव मला एकाच टेबलमध्ये चार प्रकारे सापडतं. एक, सरळ ऱ हे अक्षर, कोडपॉइंट ०९३१, म्हणजे एकूण सात कोडपॉइंट. दोन, साधा र आणि त्याला वेगळा नुक्ता म्हणजे खालचं टिंब, ०९३० आणि ०९३सी, म्हणजे आठ. तीन, साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर म्हणजे २००डी हे न दिसणारं कॅरेक्टर, हेही आठ, आणि स्क्रीनवर अगदी तस्संच दिसतं: कर्‍हाडे. चौथा प्रकार म्हणजे ज्याला कीबोर्डवर ऱ सापडतच नाही तो कर्हाडे लिहून मोकळा होतो. पहिले तीन बघून कुठलाही माणूस सांगेल की एकच नाव आहे, डेटाबेस मात्र तीन वेगळे सभासद धरतो.

पाया: एन्कोडिंग

यावर फार वेळ घालवत नाही पण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मायएसक्यूएलमध्ये नुसतं यूटीएफ-८ नावाचं जे कॅरेक्टर सेट आहे ते जास्तीत जास्त तीन बाइटचं आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट बरोब्बर तीन बाइट घेतं, त्यामुळे मराठी छान चालतं आणि कुणाला काही कळत नाही, मग एखादा सभासद पत्त्यात किंवा अभिप्रायात इमोजी टाकतो, तो असतो चार बाइटचा, आणि एकतर एरर येते किंवा सर्व्हर स्ट्रिक्ट मोडवर नसेल तर तिथून पुढचा मजकूर गायब होतो. म्हणून यूटीएफ-८-एमबी-४ वापरा, २०१० पासून आहे, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये तोच डीफॉल्ट आहे. टेबल, कॉलम आणि कनेक्शन, तिन्ही ठिकाणी. कनेक्शनचं लोक विसरतात.

संस्थांचा जुना डेटा एक्सेलमधून येतो, तिथे दोन गोष्टी. सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे फाइलचं एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण, नसेल तर एक्सेल डबल-क्लिक केल्यावर मराठीचा कचरा दाखवतं, म्हणून एक्सपोर्ट करताना बीओएम घाला. आणि इम्पोर्ट करताना तोच बीओएम काढा, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला एक अदृश्य कॅरेक्टर चिकटतं आणि "नाव" हा कॉलम नाहीच असं प्रोग्रॅम सांगतो. जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर तिच्यात देवनागरी मुळात नसतंच, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, ती आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागते आणि त्यातून ज्या खास चुका येतात त्या पुढे येतीलच.

शोधकीचं फंक्शन, एकेक पायरी

पहिली पायरी नॉर्मलायझेशन. युनिकोडने हे काम सोपं करून ठेवलंय, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगवर नॉर्मलाइझ आहे, पीएचपीत इंटल एक्स्टेन्शनचा नॉर्मलायझर क्लास, पायथनमध्ये युनिकोडडेटा. त्यात एनएफसी आणि एनएफडी असे प्रकार आहेत, पहिला अक्षराचे तुकडे शक्यतो जोडतो, दुसरा तोडतो. साठवताना एनएफसी वापरा, एवढा एक बदल मूळ मजकुरात चालतो कारण त्याने दिसण्यात आणि अर्थात काही फरक पडत नाही. शोधकीसाठी मात्र मी एनएफडी घेतो. कारण असं की देवनागरीत एनएफसीचं वागणं एकसारखं नाही, र आणि नुक्ता दिला तर ते जोडून ऱ करतं, पण ज आणि नुक्ता यांचं जोडलेलं ज़ दिलं तर ते उलट तोडून ठेवतं, कारण क़ ते य़ ही आठ अक्षरं जोडायची नाहीत असं स्टँडर्डमध्येच लिहिलंय. एनएफडी सगळंच तोडतं. मग तोडल्यावर नुक्ता, ०९३सी, सरसकट काढून टाका. एका फटक्यात ऱ चा र होतो, ज़ चा ज होतो, आणि हिंदी कीबोर्डवरून आलेला फ़ सुद्धा फ होतो.

दुसरी पायरी, न दिसणारी कॅरेक्टर काढा: २००सी, २००डी, २००बी आणि एफईएफएफ. ही काढली की कऱ्हाडेचे चारही प्रकार एकाच रूपात येतात.

इथे कुणीतरी म्हणेल की मग दर्या आणि दऱ्या एकच झाले की. हो, शोधकीत एकच झाले, आणि नाव किंवा पुस्तक शोधताना ते चालतं कारण जास्तीचा एखादा निकाल दिसला तर माणूस तो सोडून देतो, पण हवा तो निकाल आलाच नाही तर तो समजतो की पुस्तक वाचनालयात नाही आणि घरी जातो. मूळ मजकूर आपण जपलेला आहेच, त्यामुळे क्रम लावताना तंतोतंत जुळणारं वर आणता येतं. ते पुढे सांगतो.

तिसरी पायरी स्वरांची, आणि मला विचाराल तर मराठीसाठी ही सगळ्यात महत्त्वाची, कारण नॉर्मलायझेशन इथे काहीही मदत करत नाही. ॲ हे स्वतंत्र अक्षर, ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचा आणि नंतरचाही खूप मजकूर अ आणि वर ॅ असा दोन तुकड्यांत लिहिलेला आहे, शिवाय काही कीबोर्ड ऍ देतात ते आणखी तिसरंच. म्हणजे ॲड. देशमुख, अॅड. देशमुख आणि ऍड. देशमुख हे तीन वकील झाले. तसंच ऑफिस आणि आॅफिस, दुसऱ्यात आ आणि ॅ आहे. जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात ओ च्या जागी अ आणि ो, औ च्या जागी अ आणि ौ हमखास सापडतात. या सगळ्यासाठी एक छोटी बदलयादी ठेवा:

अ + ॅ, तसंच ऍ → ॲ
आ + ॅ, अ + ॉ → ऑ
अ + ो → ओ
अ + ौ → औ
अ + ा → आ
ॅ + ं → ँ
ॲ + ं → अ + ँ

शेवटच्या दोन ओळी बँकेसाठी. अर्धे लोक बँक लिहितात, अर्धे बॅंक, आणि पतपेढीच्या साइटवर हा शब्द शोधला गेला नाही असं होतच नाही. हे झालं की पुढे शोधकीत ँ चाही ं करून टाका, काही लोक नुसता अनुस्वारच देतात. बदल मात्र याच क्रमाने चालवा, आधी ॲ जोडायचा आणि मग अनुस्वाराच्या ओळी, उलटं केलंत तर ऍंड आणि अँड वेगळेच राहतात.

चौथी, अनुस्वार आणि परसवर्ण. पण्डित आणि पंडित, शान्ता आणि शांता. नियम असा की ङ, ञ, ण, न, म यांना हलन्त असेल आणि लगेच पुढे त्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी अक्षर असेल तर त्या जोडीचा अनुस्वार करायचा. न् पुढे त थ द ध, म् पुढे प फ ब भ, वगैरे. पहिली चारच, हे नीट पाळा, नाहीतर अण्णा आणि अन्न यांची वाट लागेल.

पाचवी, ऱ्हस्व-दीर्घ. पाटील आणि पाटिल, नेरूळ आणि नेरुळ, सीवूड्स आणि सिवुड्स. शोधकीत सगळं ऱ्हस्व करा, ी चा ि, ू चा ु, ई चा इ, ऊ चा उ. शुद्धलेखनाबद्दल मी स्वतः कडक आहे, पण सर्च बॉक्स ही शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची जागा नाही, समोरचा माणूस रांगेत उभा असतो किंवा फोनवर एका अंगठ्याने टाइप करत असतो.

सहावी, विसर्ग. निम्मे लोक दुःख लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन देतात, दु:ख, कारण कीबोर्डवर तेच पटकन मिळतं. शोधकीतून दोन्ही काढून टाका. त्याच ओघात अवग्रह, दंड, टिंब, स्वल्पविराम यांची एकेक स्पेस करा, आणि जास्तीच्या स्पेस एकत्र करा. आडव्या रेघेचीही स्पेस.

सातवी, आकडे. रेकॉर्डमध्ये "बोरीबंदर ते ठाणे, १८५३" असेल आणि शोधणारा इंग्रजी आकड्यांत साल टाकत असेल तर सापडायलाच हवं. देवनागरी शून्य ०९६६ वर आहे आणि पुढचे आकडे ओळीने, त्यामुळे ०९६६ वजा केलं की आकडा मिळतो. हे फॉर्मवरही लक्षात ठेवा, जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी आकड्यांच्या स्ट्रिंगचा नंबर करायला गेलात तर नॅन, म्हणजे "हा आकडा नाही" असं उत्तर, मिळतो. पायथनचं इंट मात्र देवनागरी आकडे सरळ ओळखतं.

आता काय करायचं नाही ते. ळ चा ल आणि ण चा न करू नका, निदान या पहिल्या शोधकीत तरी नाही. वेळ आणि वेल, काळा आणि काला, मूळ आणि मूल, हे सगळे वेगळे आणि रोजचे शब्द आहेत. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांत आगरी बोलणारे खूप लोक आहेत, घणसोली, कोपरखैरणे, दिवा सगळीकडे, आणि बोलीत पाणीचं पानी आणि डोळाचं डोला होतं, मग टाइप करतानाही कधी तसंच येतं. त्यांना चुकीचं ठरवून रिकामं पान दाखवायचं का? माझं ठाम मत आहे की नाही. म्हणून दुसरी, आणखी सैल शोधकी ठेवा ज्यात ळ-ल, ण-न, श-ष एक केलेले असतील, आणि पहिलीतून काहीच मिळालं नाही तरच ती वापरा.

डेटाबेसमध्ये कसं बसवायचं

मूळ नाव एका कॉलममध्ये, शोधकी दुसऱ्यात, सैल शोधकी तिसऱ्यात. शोधकीच्या कॉलमना बायनरी कोलेशन द्या (कोलेशन म्हणजे डेटाबेसने अक्षरांची तुलना कशी करायची त्याचे नियम), सैलपणा आपण फंक्शनमध्ये आधीच आणलाय, त्यात डेटाबेसच्या कोलेशनने स्वतःचं डोकं चालवलेलं नको. रेकॉर्ड सेव्ह होतानाच शोधकी भरा. आणि फंक्शनला एक व्हर्जन नंबर देऊन तोही कॉलममध्ये ठेवा, कारण उद्या बदलयादीत एक ओळ वाढली की जुन्या सगळ्या शोधकी पुन्हा बनवाव्या लागतात आणि कुठल्या राहिल्यात ते नंबरवरून कळतं.

फंक्शन एकाच ठिकाणी ठेवा. ब्राउझरमध्ये एक आणि सर्व्हरवर एक असं करू नका, दोन महिन्यांत दोन्ही वेगळी होतात. शोधणाऱ्याने टाकलेला शब्द कच्चाच सर्व्हरवर पाठवा आणि तिथे घासा.

निकालांचा क्रम असा लावा: मूळ नाव तंतोतंत जुळतं ते सगळ्यात वर, मग शोधकी पूर्ण जुळते ते, मग शोधकीची सुरुवात जुळते ते, मग मध्ये कुठेतरी जुळतं ते. लाइक वापरताना शब्दाच्या आधी टक्केचिन्ह लावलं की इंडेक्स चालत नाही हे खरंय, पण सोसायटीचे किंवा वाचनालयाचे काही हजार रेकॉर्ड असतात, तेवढ्याला काही फरक पडत नाही, उगाच मोठं सर्च इंजिन बसवू नका.

टाइप करता करता शोध

लाइव्ह सर्च करणार असाल तर मराठीत दोन अडचणी येतात. फोनच्या कीबोर्डवर माणूस रोमनमध्ये टाइप करून देवनागरी शब्द निवडत असतो, तोपर्यंत बॉक्समधला मजकूर अर्धवट असतो, म्हणून इव्हेंटमधला इज-कम्पोझिंग तपासा आणि कम्पोझिशन-एंड आल्यावरच शोधा. आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करताना मध्येच "कर्" अशी स्थिती येते, शेवटी लटकता हलन्त. तो काढूनच शोधा, नाहीतर हलन्त टाकल्या क्षणी यादीतली निम्मी नावं नाहीशी होतात आणि वापरणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

नावाच्या फॉर्मवर रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते तपासणारा नियम, असेल तर तोही इथेच तपासून घ्या. जावास्क्रिप्टमधला वर्ड कॅरेक्टरचा शॉर्टकट देवनागरी ओळखतच नाही. पायथनमधला अक्षरं ओळखतो पण काना-मात्रा नाही, त्यामुळे ठाणे मधून ठ आणि ण वेगळे निघतात. युनिकोड प्रॉपर्टी वापरा, लेटर आणि मार्क दोन्ही. फक्त लेटर दिलंत तर "ठाणे" हे नाव अवैध आहे असा लाल मेसेज ठाणेकराला दिसेल.

लांबीची मर्यादाही विचार करून द्या. क्षितिज हे आपल्या मोजणीने तीन अक्षरं, कॉलम आणि मॅक्सलेंग्थ मात्र त्याला सात मोजतात. इंग्रजी नावासाठी पन्नास ठेवले असतील तर मराठीसाठी शंभर ठेवा. आणि यादीत नाव कापून दाखवायचं असेल तर पीएचपीत सबस्ट्र नको, ते बाइट मोजतं आणि अक्षराच्या मधूनच तोडतं, ग्राफीम-सबस्ट्र वापरा, जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, त्यामुळे जुन्या व्हर्जनवर क् आणि षि वेगळे पडू शकतात, कापलेल्या टोकाला हलन्त राहिला तर तो काढून टाका.

यादीचा क्रम

शोध झाला की लोक लगेच म्हणतात यादी अकारविल्हे द्या. नुसत्या कोडपॉइंटने लावलीत तर ळ येतो ल आणि व च्या मध्ये, जो वर्णमालेत ह नंतर यायला हवा, क्ष जातो क मध्ये, ज्ञ जातो ज मध्ये, आणि ॲ चा कोडपॉइंट ह च्याही पुढे असल्यामुळे सगळे ॲडव्होकेट यादीच्या तळाला जाऊन बसतात. पोस्टग्रेसमध्ये १० व्या व्हर्जनपासून मराठीचं आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) कोलेशन मिळतं, जावास्क्रिप्टमध्ये इंटल कोलेटरला मराठी लोकेल द्या. मायएसक्यूएलमध्ये मराठीचं वेगळं कोलेशन नाही, तिथे मी पीएचपीच्या कोलेटर क्लासमधून सॉर्ट-की काढतो आणि बायनरी कॉलममध्ये साठवून त्यावर ऑर्डर लावतो. सर्व्हरवर आयसीयू अपग्रेड झालं की त्या सॉर्ट-की पुन्हा बनवायच्या, एवढं डिप्लॉयमेंटच्या नोंदीत लिहून ठेवा.

रोमनमध्ये शोधणारे

ते राहणारच, आणि त्यांच्यासाठी वेगळा रोमन कॉलम द्या जो फॉर्म भरणारा स्वतः भरेल. आपोआप लिप्यंतर करून भरू नका. मशीनला कोपरखैरणे दिलं की ते प्रत्येक व्यंजनात अ धरतं, मग "कोपरखैरणे" चं "कोपअरअखैरअणे" असं काहीतरी रोमनमध्ये तयार होतं जे कुणीच कधी टाइप करणार नाही. आडनावांचं तर प्रत्येक घराचं स्पेलिंग वेगळं, ते त्या घरालाच विचारलेलं बरं.

टेस्ट आणि रोजची नोंद

टेस्ट म्हणून जोड्यांची फाइल बनवा, डावीकडे साठवलेलं, उजवीकडे शोधलेलं, आणि सापडायला हवं की नको. कऱ्हाडेचे चारही प्रकार, तिन्ही ॲड., बँक-बॅंक, दुःख-दु:ख, नेरूळ-नेरुळ, आकड्यांतलं साल. "नको" च्या जोड्याही हव्यातच, वेळ टाकल्यावर वेल सापडता कामा नये, अन्न टाकल्यावर अंन सारखी शोधकी तयार होता कामा नये. एक सूचना, ही फाइल लिहिताना ते कॅरेक्टर कॉपी-पेस्ट करून टाकू नका, काही एडिटर सेव्ह करताना न दिसणारी कॅरेक्टर काढून टाकतात आणि टेस्ट खोटी पास होते, एस्केप कोडने लिहा.

आणि साइट चालू झाली की ज्या शोधांना शून्य निकाल आले ते शब्द लॉग करा, फक्त शब्द आणि तारीख, कोणी शोधलं ते नको. महिन्यातून एकदा तो लॉग ग्रंथपाल बाईंच्या किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या शेजारी बसून वाचा, कुठला शब्द खरंच यादीत नव्हता आणि कुठला असून सापडला नाही हे त्यांनाच चटकन कळतं, दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक शब्द टेस्टच्या फाइलमध्ये टाका, लागेल तर बदलयादीत ओळ वाढवा, व्हर्जन नंबर एकने वाढवा आणि शोधकी पुन्हा बनवायला लावा.